मुळं धरेपर्यंत

गेणबाच्या सुषमाला डोक्यावर ओढणी नसताना पाहिलेलं माणूस केंदूरच्या वस्तीवर शोधून सापडलं नसतं. शाळेत स्कार्फ, कॉलेजात स्टोल, रांजणगावच्या कंपनीत पॅकिंगला लागली तेव्हा तिथली निळी टोपी. लग्नकार्यात बायका कौतुकानं म्हणायच्या, "गेणबाची पोर लई मर्यादेची बाई." ते ऐकून तिच्या आईच्या, तानुबाईच्या, काळजात कळ उठायची.

सुषमा नऊ वर्षांची असताना चारा कापायच्या कडबाकुट्टीच्या मशीनखाली शिरलेलं शेळीचं करडू ओढून काढत होती. मोटार चालू होती. वेणीचं टोक पट्ट्यात गेलं. गेणबानं झेप घालून बटण बंद केलं म्हणून पोर हाती लागली, पण उजव्या कानाच्या वरून टाळूपर्यंतची कातडी सोलून निघाली होती. पुण्याच्या दवाखान्यात महिना काढला. जखम भरली, केस मात्र तिथं पुन्हा उगवले नाहीत. तळहाताएवढी जागा गुळगुळीत, गुलाबीसर, ताणून बसवल्यासारखी राहिली. शाळेत एका पोरानं मागून स्कार्फ ओढला आणि सगळा वर्ग एकदम गप्प झाला. हसले असते तरी परवडलं असतं, असं तिला पुढं कित्येक वर्षं वाटत राहिलं.

पळायला ती शिकली ती मेंढरांमागं नव्हे. घरची मेंढरं तिच्या जन्माआधीच आजोबांनी विकून जमीन घेतली होती. ती शिकली एसटी पकडताना. वस्तीपासून फाट्यापर्यंत धापा टाकत पोरं पोचायची, तेव्हा सुषमा खिडकीत बसून कंडक्टरला "थांबा, आमची येत्यात," म्हणत असायची. मग तालुक्याला पहिली आली, जिल्ह्याला दुसरी. बारावीनंतर तिनं ठरवून टाकलं की पोलीस व्हायचं. वरवंडला भरतीची तयारी करून घेणारी एक अकादमी होती. तिथंच तिची आत्या सखूबाई राहायची. कंपनीची नोकरी सोडून सुषमा आत्याकडं राहायला गेली.

पहिल्या भरतीत तिचं घोडं अडलं ते मैदानावर. आठशे मीटरची धाव होती. शेवटच्या वळणावर ती चौथी होती आणि पायात अजून ताकद शिल्लक होती. तेवढ्यात मानेमागची स्कार्फची गाठ सुटली. तिनं काही विचार केला नाही. हात आपोआप डोक्याकडं गेला. एक हात डोक्यावर धरून कुणाला पळता येतं का? पाच-सहा पोरी बाजूनं निघून गेल्या. यादी लागली तेव्हा एका मार्कानं तिचं नाव बाहेर होतं.

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी थोरल्या भावाला, शंभूला, म्हणाली, "दादा, मला डोक्याचं आप्रेशन करायचंय. केस लावून देत्यात म्हणं. कंपनीतले साठवलेले पैसे हायेत माझ्याकडं."

शंभूनं टीव्हीवरच्या जाहिराती पाहिल्या होत्या. "त्ये टकल्या हिरोंचं असतंय गं."

"माझं टक्कल न्हाई, जखम हाय. जखमंवर बी लावत्यात. मी विचारून आले."

पुण्यातल्या त्या डॉक्टरांचं नाव सविता. त्यांनी पहिल्याच भेटीत मोठ्या बाता मारल्या नाहीत. व्रणाच्या कातडीत रक्त कमी खेळतं, तिथं केस तग धरतीलच असं नाही, असं स्पष्ट सांगितलं. पावसाळ्यात आधी थोडेच केस लावून पाहिले. चार महिन्यांनी तिथं काळी लव दिसली, तेव्हा कुठं त्या बाकीचं करायला तयार झाल्या. भरती उन्हाळ्याच्या तोंडाला निघेल, असं सगळेच म्हणत होते. म्हणून दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या अखेरीस, सुषमा खुर्चीत पालथी झाली. मानेच्या वरच्या भागातून एकेक केस मुळासकट काढून व्रणावर रोवायला दिवस गेला.

संध्याकाळी गेणबा आणि शंभू तिला न्यायला आले. डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवलं.

"पहिले दहा-बारा दिवस फार नाजूक. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोक्याला धक्का नाही, घासणं नाही. चार-पाच दिवसांनी घरातल्या घरात, अंगणात हळू चालायला हरकत नाही. घाम येईल असं काही नाही."

"आन् पळायचं कवा?" सुषमानं विचारलं.

"बाकीच्यांना मी तीन आठवड्यांनी हळूहळू सुरुवात करायला सांगते. तुझी जागा व्रणाची आहे. तू मला विचारल्याशिवाय पळायचं नाहीस. रक्ताचा दाब वाढला, घाम साचला, कापड घासलं, तर मुळं सुटतात नाहीतर पिकतात. आणि आणखी एक. महिन्याभरात हे लावलेले केस गळतील. घाबरायचं नाही. केस गळतो, मूळ राहतं. त्यातून पुढं नवा येतो."

गेणबा एवढा वेळ टोपी मांडीवर धरून बसला होता. तो म्हणाला, "कांद्याच्या रोपावानीच की ओ. लावल्याव पात मरगळती, पर मूळ धरोस्तर त्येला हात लावायचा न्हाई."

"अगदी तसंच, आजोबा," डॉक्टर म्हणाल्या. गेणबाला 'आजोबा' ऐकून जरा वाईट वाटलं, पण समजलं म्हणून बरंही वाटलं.

अकादमीत मात्र सुषमानं यातलं काही सांगितलं नाही. कानाचं ऑपरेशन आहे, म्हणाली. केंदूरला पंधरा दिवस काढून ती आत्याकडं परतली. पहाटे पोरी मैदानावर निघाल्या की ही वरवंडच्या तलावाच्या भरावावर चालायला जायची. डोक्यावर सैल सुती कापड, हात बाजूला, पावलं मोजून-मापून. बगळे उडायचे, पाण्यावर धुकं असायचं आणि तिच्या पायांना नुसती खाज सुटल्यासारखं व्हायचं.

अशाच एका सकाळी फोन वाजला. पलीकडून वैष्णवी बोलत होती. तिच्याच बॅचची, पाटसकडची पोर.

"सुषे, बघितलं का? भरतीच्या तारखा लागल्या! मैदान जानेवारीच्या शेवटाला!"

सुषमा भरावावरच खाली बसली. उन्हाळा कुठं गेला? मधे उरला होता जेमतेम दीड महिना. तिनं डॉक्टरांना फोन लावायला हवा होता. पण बोट नंबरावर गेलं आणि थांबलं. त्या 'नको' म्हणाल्या तर? विचारलंच नाही तर कुणी नको म्हणणार नाही.

अकादमी चालवणारे सावळाराम सर फौजेतून निवृत्त झालेले. आवाज असा की हायवेपलीकडच्या टपरीवर चहावाला दचकायचा. त्यांनी त्याच दिवशी जाहीर केलं, "शनिवारी दुपारी ट्रायल. टायमिंग बघून फायनल बॅच काढणार. जो पळणार नाही तो बॅचमध्ये नाही. बहाना नको."

"सर, माझं कानाचं—" सुषमा म्हणाली.

"कान पळतो का तुझा?" सर म्हणाले. पोरी हसल्या. "वीस दिवस झाले. माझ्या पायात गोळी होती तवा मी दहाव्या दिवशी परेडला उभा होतो. शनिवारी दिसली पायजे."

शुक्रवारी रात्री तिला झोप लागेना. अंथरुणावर पडून ती दोन्ही बाजू तोलत राहिली. एका बाजूला डॉक्टरांचं बोलणं होतं, दुसऱ्या बाजूला गेल्या वर्षीचा तो एक मार्क. व्रणावर आता खपली नव्हती. बारके केस ताठ उभे होते. आरशात तिरकं पाहिलं तर चक्क केस आहेत असं वाटायचं. धरली असतील मुळं, तिनं स्वतःला सांगितलं. एक ट्रायल. दोन चकरा. तेवढ्यानं काय होतंय?

शनिवारी दुपारी ऊन चांगलंच चढलं होतं. पोरींसमोर डोकं उघडं पडायला नको, म्हणून तिनं सैल कापड काढून स्कार्फ आवळून बांधला. गाठ दोनदा तपासली. शिटी वाजली आणि पायांनी बाकी सगळं विसरून टाकलं. पहिली चक्कर तिनं सगळ्यांच्या मागं राहून काढली. दुसऱ्या चकरेत एकेक मागं टाकत ती पहिली आली. सरांनी घड्याळ बघितलं, तोंडानं काही बोलले नाहीत, पण मान हलवली. त्यांनी मान हलवणं म्हणजे दुसऱ्या कुणी पेढे वाटण्यासारखं होतं.

तिचं लक्ष तिकडं नव्हतं. स्कार्फखाली घाम ओघळत होता आणि त्या जागी आग होत होती. वर्षानुवर्षं त्या कातडीला नीट स्पर्शसुद्धा कळायचा नाही. आज तिथं ठोके पडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तेव्हा उशीची खोळ डोक्याला चिकटली होती. हलकेच सोडवली. खोळीवर पिवळट डाग होता, त्यात रक्ताचे ठिपके आणि ठिपक्यांत बारके काळे केस.

सखूबाई चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. तिला खरं ठाऊक होतं. घरातल्या माणसांखेरीज फक्त तिलाच. ती म्हणाली, "बघू."

"नगं आत्या."

"मागं फिर म्हणते ना."

सुषमा फिरली. आत्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि जवळ येऊन वाकली.

"काय दिसतंय? आत्या, बोल की."

"पुटकुळ्या आल्यात. पांढऱ्या तोंडाच्या. एका जागी लई लाल हाय. सुजलंय." आत्यानं हाताच्या पाठीनं तिची मान चाचपली. "आन् अंग तापलंय तुझं. लाव फोन बाईंना."

"त्या रागावतील."

"रागावू दे. डोस्कं तुझं हाय का त्यांचं?"

फोटो पाठवला. दोन मिनिटांत डॉक्टरांचाच फोन आला. त्यांनी एवढंच विचारलं, "पळालीस?"

"व्हय."

"आत्ता निघ. डोक्याला हात लावू नकोस, तेल, हळद काहीही लावू नकोस. कापड सैल."

केंदूरहून शंभू मोटरसायकलवर येईपर्यंत वेळ जाईल म्हणून आत्याच तिला घेऊन हायवेवर उभी राहिली. सोलापूरकडून आलेली एसटी खच्चून भरली होती. एका माणसाची पिशवी डोक्याला लागेल म्हणून आत्या तिच्या मागं दोन्ही हात पसरून उभी राहिली, ती पार हडपसरपर्यंत. यवत गेलं, उरुळी गेली. बसच्या प्रत्येक हादऱ्यासरशी सुषमाला वाटायचं, आणखी एक सुटला, आणखी एक सुटला.

डॉक्टरांनी दिवा जवळ ओढून जागा तपासली. बाहेर रस्त्यावरचे हॉर्न वाजत होते आणि आत चिमट्याचा बारीक टकटक आवाज. त्यांनी पुटकुळ्यांतला पू काढला, तपासायला पाठवला, जागा धुतली. मग खुर्ची फिरवून समोर बसल्या.

"घाम आणि घट्ट कापड. केसांची मुळं पिकली आहेत. गोळ्या देते, ताप उतरेल. ही कानाजवळची मोठी जागा आहे ना, तिथले काही केस बहुतेक गेले."

"किती?"

"आज सांगता येणार नाही."

"आन् बाकीचे?"

"तेही आज सांगता येणार नाही. सांगितलं तर खोटं होईल." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर सुषमाला रडता आलं असतं. "मला का नाही विचारलंस?"

"तुमी नगं म्हणला असता."

"म्हणाले असते. मैदान कधी आहे?"

सुषमानं सांगितलं. डॉक्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं, परत सुलटलं. आत्या म्हणाली, "बाई, ह्या टायमाला जाऊच नगं म्हणून सांगा तिला. केस ऱ्हायले तर पुढच्या साली पळंल."

"आत्या!"

"काय आत्या? रगत बघितलं मी सकाळच्याला."

डॉक्टर दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. मग सुषमाला म्हणाल्या, "हे दहा दिवस पूर्ण बंद. चालणंसुद्धा घरातच. त्यानंतर मी बघणार. जागा कोरडी असली, ताप नसला, तर सुरुवात करू. आधी नुसतं चालणं. मग भरभर चालणं. मग गारव्यात, पहाटे, रमतगमत पळणं. दम लागेल असं पळणं सगळ्यात शेवटी. गोळाफेक तर अगदी शेवटच्या आठवड्यात, तीही मोजकी. श्वास रोखून जोर लावायचा नाही. बैठका, वजनं, उलटं होणं, सगळं बंद. घाम आला की घरी येऊन साध्या पाण्यानं हलकं धुवायचं, टिपायचं, घासायचं नाही. दुपारचं ऊन नाही. आणि डोक्याला काहीही आवळायचं नाही. दुखायला लागलं, लाल झालं, ओल आली, की त्या दिवशी थांबायचं. मैदानाच्या आदल्या दिवशी झालं तरी थांबायचं. मान्य?"

"आवळायचं न्हाई म्हंजी… मैदानावर बी?"

"मैदानावर तर नाहीच."

सुषमानं मान खाली घातली. मग मान्य म्हणाली.

दहा दिवस आत्याच्या माजघरात गेले. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. पुटकुळ्या सुकल्या. बाहेरून शिटी ऐकू यायची, पोरींचे पाय एका तालात वाजायचे आणि ती भिंतीला टेकून पायाची बोटं हलवत बसायची. सगळ्यात जड होतं ते सरांना सांगणं. शेवटी तेच घरी आले. ट्रायलला पहिली आलेली पोर गायब झाली, म्हणून तरातरा आले आणि उंबऱ्यातूनच गरजले, "कुठंय ती? पहिली आली म्हणजे झालं का?"

सुषमा बाहेर आली. डोक्यावरचं कापड तिनं स्वतः काढलं आणि पाठ फिरवली.

सर उंबरा ओलांडून आत आले. मग खुर्ची ओढून बसले.

"हे कशानं?"

तिनं सांगितलं. कडबाकुट्टी, गेल्या वर्षीची गाठ, डॉक्टर, ट्रायल, सगळं.

"मला आधी सांगायला काय झालं होतं?" सर ओरडलेच. "मी काय राक्षस हाय का?"

सखूबाई आतून म्हणाली, "ती कान म्हणाली तवा तुमी काय बोललात, आठवा की."

सर खुर्चीत जरा मागं सरकले. "च्या टाका," म्हणाले. चहा पिताना त्यांनी डॉक्टरांचा नंबर मागून घेतला, तिथंच फोन लावला आणि बाहेर ओट्यावर जाऊन अर्धा तास बोलत उभे राहिले. परत आले तेव्हा म्हणाले, "तू पहाटे बाकीच्यांच्या आधी यायचं. मैदान रिकामं असतं. मी सांगीन तेवढंच करायचं. एक पाऊल जास्त टाकलंस तर मी तुझ्या बाला बोलवीन."

तपासणीत जागा कोरडी निघाली. पहिला आठवडा नुसतं चालणं झालं. सर घड्याळ घेऊन बाजूनं चालायचे. फौजी माणसाला एवढं हळू चालणं किती जड जात होतं ते त्यांच्या तोंडावर दिसायचं. मग भरभर चालणं आलं. मग एके दिवशी सर म्हणाले, "चल, पळ. म्हातारी देवळात पळती तसं." सुषमा पळाली. पाय मागत होते त्याच्या निम्म्यानं पळाली. घरी गेल्यावर आत्या रोज दिव्याखाली तिचं डोकं बघायची आणि "कोरडं हाय" म्हणायची. ते दोन शब्द ऐकल्याशिवाय सुषमाला नाश्ता गोड लागेना.

आणि मग केस गळू लागले.

डोकं धुताना तळहातावर आले, पंच्यावर आले, उशीवर आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गळतील. तरी मूठभर पाण्यात तरंगणारे ते केस ती मोजत बसली. हे गळायचेच होते ते, की पिकून मेलेले? डॉक्टर म्हणाल्या, बहुतेक गळायचेच. पण खात्री चार-पाच महिन्यांनीच. आठवड्याभरात, पावसाळ्यात लावलेली थोडी लव सोडली तर, व्रण पुन्हा पहिल्यासारखा उघडा झाला. तानुबाई केंदूरहून भेटायला आली होती. तिनं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"गेलं सगळं, व्हय गं?"

"म्हाईत न्हाई, आये."

"मग कशाला जाती त्या मैदानात? उघड्या डोक्यानं? हजार लोक बघत्याल."

सुषमानं पंचा झटकून दोरीवर टाकला. इतकी वर्षं तिनं आईच्या डोळ्यांनीच स्वतःकडं पाहिलं होतं. ती एवढंच म्हणाली, "बांधलं तर ऱ्हायलेली बी जातील. न बांधता जायचं न्हाईतर जायचं न्हाई. मी जाते."

मैदानाच्या दिवशी पुण्यात अंधार असतानाच रांग लागली होती. थंडी कडक होती. सैल कापड पांघरून ती रांगेत उभी राहिली, पुढं वैष्णवी, मागं अनोळखी पोरी. छातीवर नंबर लावणाऱ्या महिला हवालदार म्हणाल्या, "कापड काढून ठेव. असं सैल धावताना चालणार नाही." सुषमानं ते काढून वैष्णवीच्या पिशवीत कोंबलं. गार वारा थेट त्या जागेवर लागला. मागची एक पोर हळूच "अगं बाई" म्हणाली.

हवालदारबाईंनी वर पाहिलं. "काय झालंय हे?"

"लहानपणीची जखम हाय, मॅडम. त्याच्याव आप्रेशन केलंय."

"कधी?"

"नोव्हेंबरात."

"दुखतंय? चक्कर? मग कशाला आलीस? मैदानात पडलीस तर जबाबदार कोण?"

रांग थांबली. पंचवीस-तीस डोळे डोक्यावर आहेत हे सुषमाला न बघता कळत होतं. छाती इतकी धडधडत होती की आता डॉक्टर असत्या तर थांब म्हणाल्या असत्या, असं तिला वाटलं. तिनं एक लांब श्वास घेतला, सरांनी शिकवल्यासारखा, न रोखता सोडला.

"डॉक्टरांनी परवा तपासून पळ म्हणून सांगितलंय, मॅडम. कोरडं हाय. दुखलं तर मी आपून थांबंन."

बाईंनी शेजारच्या साहेबांकडं नेलं. साहेबांनी तिथल्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं टॉर्च मारून पाहिलं, नाडी पाहिली, दोन प्रश्न विचारले. एकेक क्षण ओढल्यासारखा जात होता. ट्रॅकवर तिच्या तुकडीची नावं पुकारायला सुरुवात झाली होती. "जाऊ दे," तो शेवटी म्हणाला, आणि सुषमा धावतच रेषेवर पोचली. तिथंच तिला आठवलं की धावायचं नव्हतं, धाप जपायची होती.

शिटी वाजली. पहिल्या वळणापर्यंत ती डोक्याचाच विचार करत होती. आग होतेय का? ओल आहे का? मग समोरच्या पोरीच्या पाठीवरचा नंबर दिसला आणि तिनं तो धरला. पहिली चक्कर संपली तेव्हा ती मधेच कुठंतरी होती. सर बजावून सांगायचे, शेवटच्या दोनशेपर्यंत नुसतं चिकटून राहा. ती चिकटून राहिली. शेवटच्या वळणावर दोन्ही हात आपल्या जागी हलत होते. दोनशे उरले तेव्हा तिनं पाय सोडले. बाजूनं कोण मागं पडलं ते तिला दिसलंच नाही. रेषा ओलांडून ती कमरेतून वाकणार होती. अर्ध्यातच आठवलं, तशीच ताठ, हात कमरेवर ठेवून चालत राहिली. वैष्णवीनं कापड आणून दिलं. सुषमानं आधी बोटाच्या टोकानं कानाच्या वरची जागा टिपली आणि बोट उजेडात धरलं. घाम होता. नुसता घाम.

गोळाफेकीत ती मार खाऊन गेली. सराव नव्हताच, जोर लावायचा मोहही तिनं आवरला. तिन्ही फेकी मध्यमच पडल्या. शंभरच्या धावेत बरं झालं. संध्याकाळी बेरीज करताना सर म्हणाले, "लेखीत फाडावं लागंल." फेब्रुवारी-मार्च तिनं पुस्तकात डोकं खुपसून काढले. पुस्तकांवर तरी वाकायची आता परवानगी होती.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा आत्यालाच दिसलं. अंगणात बसून शेंगा निवडताना ती सुषमाच्या डोक्याकडं झुकली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "थांब, उन्हाकडं कर." तिथं लव होती. विरळ, वाकडीतिकडी, पण काळी. कानाजवळची पिकलेली जागा मात्र मोकळीच राहिली, साधारण बांगडीच्या घेराएवढी. डॉक्टर म्हणाल्या, तिथले गेले ते गेले. हवं तर वर्षभरानं पुन्हा लावू. त्या ट्रायलची ती खूण आता तिच्याजवळ कायमची होती आणि सरांनाही ती ठाऊक होती. नव्या बॅचला ते आता पहिल्याच दिवशी विचारतात, "कुणाला काही दुखणं, ऑपरेशन? लाजू नका, मला येऊन एकट्यात सांगा." आवाज तेवढाच मोठा असल्यामुळं ते एकट्यात फारसं राहत नाही, हा भाग वेगळा.

यादीत सुषमाचं नाव आलं, बरंच खाली, पण आत. गेणबानं वस्तीवर जेवण घातलं. तानुबाई पंक्तीत वाढत होती आणि सुषमा तिच्यामागं आमटीची बादली घेऊन फिरत होती, डोक्यावर काही न घेता. दोन-तीन बायकांनी पाहिलं, एकमेकींकडं पाहिलं. एक म्हणाली, "तानुबाई, पोरीच्या डोक्याला काय गं झालं हुतं?"

तानुबाई थांबली. इतकी वर्षं या प्रश्नाला तिच्याकडं वेगवेगळी उत्तरं असायची.

"मशीनीत वेणी गेली हुती," ती म्हणाली. "नऊ वर्साची हुती. भात घालू का आनखी?"